काच नसलेली नळी आणि मृगाचा किडा

मृगाचा पहिला दमदार पाऊस पडून गेला की दुसऱ्या दिवशी सकाळी शेताच्या बांधावर लाल मखमलीचे ठिपके चालताना दिसतात. मृगाचा किडा. लहानपणी आम्ही तो तळहातावर घ्यायचो. त्याने पाय पोटाशी ओढून घेतले की पुन्हा चालू लागेपर्यंत सगळे श्वास रोखून बसायचो. कॅमेरा घेतल्यावर पहिल्याच पावसाळ्यात मी त्याचा फोटो काढायला गेलो. हातात क्रॉप सेन्सरचा (म्हणजे चित्र टिपणारा सेन्सर जुन्या फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान असलेला) साधा कॅनन आणि त्यावर ५० एमएम एफ/१.८ लेन्स. ही लेन्स ३५ सेंटीमीटरपेक्षा जवळच्या वस्तूवर फोकस करत नाही. तेवढ्या अंतरावरून सेंटीमीटरभर लांबीचा किडा फ्रेमच्या रुंदीचा जेमतेम दहावा हिस्सा व्यापतो. काळ्या ढेकळांत एक लाल टिपका, एवढंच दिसत होतं. अजून वाकलं की लेन्सची मोटर घरघर करत पुढे-मागे व्हायची आणि चित्र धूसरच राहायचं.

अंगावरच्या केसांसकट फोटो हवा असेल तर मॅक्रो लेन्स घे, असं जो तो सांगतो. नवी मॅक्रो लेन्स घ्यायची तर किंमत पाच आकड्यांत जाते. माझं काम मात्र एका पोकळ नळीने झालं आणि अजूनही त्याच नळीवर चाललं आहे. तिला एक्स्टेन्शन ट्यूब म्हणतात. एका तोंडाला कॅमेरा, दुसऱ्या तोंडाला लेन्स, मध्ये फक्त हवा. काचेचा एकही तुकडा नाही. मग ती वस्तू मोठी करून दाखवते कशी, हे एकदा नीट कळलं की कुठली नळी घ्यायची, किती लांबीची लावायची आणि फोटो काळा का आला, ही सगळी उत्तरं आपली आपणच काढता येतात.

त्यासाठी स्टेशनरीच्या दुकानात मिळतं ते वाचायचं भिंग घ्या. दिवसा खिडकीसमोरच्या भिंतीजवळ उभे राहून ते भिंतीपासून हळूहळू दूर न्या. एका ठिकाणी बाहेरच्या झाडाचं उलटं, छोटंसं, रेखीव चित्र भिंतीवर उमटेल. भिंग आणि भिंत यांच्यातलं ते अंतर म्हणजे भिंगाची फोकल लेंथ. समजा ती १५ सेंटीमीटर भरली. आता रात्री दिवे घालवून भिंगासमोर ३० सेंटीमीटरवर मेणबत्ती लावा. भिंतीवर ज्योत स्पष्ट दिसायला भिंग भिंतीपासून १५ नव्हे, ३० सेंटीमीटर दूर न्यावं लागेल, आणि चित्रातली ज्योत खऱ्या ज्योतीएवढीच असेल. मेणबत्ती अजून जवळ, २० सेंटीमीटरवर आणा. आता भिंग भिंतीपासून ६० सेंटीमीटर मागे न्यावं लागतं आणि ज्योत तिप्पट होते. वस्तू भिंगाच्या जितकी जवळ येईल, तितकं चित्र पलीकडे लांब पडतं आणि तितकंच मोठं होतं.

कॅमेऱ्यात भिंतीच्या जागी सेन्सर असतो. दूरच्या डोंगरावर फोकस करताना ५० एमएम लेन्सचं प्रकाशीय केंद्र सेन्सरपासून ५० मिलीमीटरवर असतं. वस्तू जवळ आली की लेन्सने पुढे सरकायला हवं, आणि ती सरकतेही. माझी लेन्स साधारण १० मिलीमीटर पुढे जाते आणि तिथे तिच्या आट्या संपतात. ३५ सेंटीमीटरची मर्यादा येते ती तिथून. काचेला अजून जवळचं दाखवता येत असतं, तिला पुढे जायला वाट उरलेली नसते. नळी ती वाट देते.

हिशेबही सोपा आहे. लेन्स जितके मिलीमीटर पुढे गेली, त्याला फोकल लेंथने भागा. ५० एमएम लेन्स ५० मिलीमीटर पुढे गेली तर उत्तर येतं एक, म्हणजे सेन्सरवर वस्तूचं चित्र वस्तूच्या मूळ आकाराएवढंच पडतं. फोटोवाले ज्याला ‘वन इज टू वन’ म्हणतात ते हेच. पंचवीस मिलीमीटर पुढे गेली तर अर्धा आकार. निकॉनच्या जुन्या ५५ एमएम एफ/३.५ मायक्रो (निकॉन मॅक्रोला मायक्रो म्हणतं) लेन्सचं उदाहरण मला फार आवडतं. ती स्वतःच्या बळावर अर्ध्या आकारापर्यंतच जायची. पूर्ण आकारासाठी तिच्या जोडीला निकॉनने एम२ नावाची नळी दिली होती, लांबी बरोबर २७.५ मिलीमीटर, म्हणजे ५५ च्या निम्मी. नामांकित मॅक्रो लेन्स बनवणाऱ्यांनीच उरलेल्या अर्ध्या वाटेसाठी पोकळ नळी वापरली होती. नळी म्हणजे गरिबाची तडजोड, असं कुणी म्हणालं की मी त्याला हेच सांगतो.

बाजारात डीएसएलआरसाठी, म्हणजे आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यांसाठी, मिळणारा नेहमीचा संच १२, २० आणि ३६ मिलीमीटरच्या तीन नळ्यांचा असतो. माझ्या ५० एमएमवर ३६ ची नळी लावली तर ३६ भागिले ५०, म्हणजे ०.७२. त्यात लेन्सचं स्वतःचं ०.२१ मिळवलं की ०.९३, म्हणजे जवळजवळ पूर्ण आकार. दहा मिलीमीटरचा किडा २२ मिलीमीटर रुंदीच्या सेन्सरवर नऊ मिलीमीटरचा पडतो, फ्रेमचा दहावा हिस्सा व्यापणारा आता पाव फ्रेमच्याही पुढे, निम्म्याजवळ जातो. तिन्ही नळ्या एकावर एक चढवल्या तर ६८ मिलीमीटर होतात आणि दीडपटीच्या वर जाता येतं, पण तिथे हात स्थिर ठेवणं इतकं अवघड होतं की सुरुवातीला त्या वाटेला जाऊ नये.

नळी लावली की दूरचं दिसणं बंद होतं. अनेकजण इथे घाबरतात, नळी बिघडलेली आहे असं समजतात. तसं काही नसतं. ५० एमएमला १२ ची नळी असेल तर लेन्सपासून साधारण पाव मीटरच्या पलीकडचं काहीच फोकस होत नाही, आणि ३६ ची असेल तर १२ सेंटीमीटरच्या पलीकडचं. फोकसची रिंग फिरवून मिळतो तो एक छोटा पट्टा, त्यातच काम करायचं. आणि हे अंतर लेन्सच्या प्रकाशीय केंद्रापासून मोजलेलं, पुढच्या काचेपासून नव्हे. म्हणूनच कॅमेऱ्याबरोबर येणारी १८-५५ ची किट लेन्स १८ वर ठेवून नळी लावली तर फोकसची जागा इतकी जवळ येते की किडा काचेला टेकायची वेळ येते. किट लेन्स वापरायची तर ५५ वर ठेवून, १२ च्या नळीने.

उलट, दूरचं जवळ आणणाऱ्या २०० एमएमच्या टेलिफोटोला ३६ ची नळी फक्त ०.१८ ची भर घालते. ऐकायला कमी वाटतं. पण लेन्सचं स्वतःचं पाव पट धरलं तर ०.४ च्या पुढे जातो, आणि तेही हातभर लांब राहून. फुलपाखरं, चतुर आणि त्यांची बारीक भावंडं टाचण्या यांच्यासाठी मी हीच जोडी वापरतो. पाच बोटांच्या अंतरावरून चतुराचा फोटो काढू देणारा चतुर मला अजून भेटलेला नाही.

आता नळी आपल्याकडून काय घेते ते पाहू. पहिला घास प्रकाशाचा. चमचाभर तूप फुलक्यावर लावलं तर छान जाड थर बसतो. तेच तूप मोठ्या भाकरीवर पसरलं तर जेमतेम ओशटपणा येतो. लेन्समधून येणारा प्रकाश तेवढाच आहे, पण लेन्स सेन्सरपासून लांब गेल्यावर तो मोठ्या जागेवर पसरतो आणि सेन्सरच्या वाट्याला कमी येतो. पूर्ण आकारावर हा प्रकाश चौथाई उरतो, म्हणजे दोन स्टॉप जातात (प्रकाश निम्मा झाला की एक स्टॉप गेला). एफचा आकडा म्हणजे लेन्सच्या भोकाचं, अपर्चरचं माप; आकडा मोठा तितकं भोक बारीक. तुम्ही एफ/८ ठेवलेलं असतं आणि सेन्सरला मिळतो तो एफ/१६ चा प्रकाश. महागडी मॅक्रो लेन्सही जवळ जाताना प्रकाश गमावतेच, तेव्हा हा नळीचा दोष म्हणता येणार नाही.

दुसरा घास खोलीचा. फोटोत समोरून मागे किती जाडीचा भाग रेखीव येतो, ती खोली. क्रॉप सेन्सरवर एफ/८ ला अर्ध्या आकारात ती साधारण दोन मिलीमीटर असते. पूर्ण आकारात साधारण ०.६ मिलीमीटर. पोस्टकार्डाच्या दोन-तीन पुठ्ठ्यांची जाडी समजा. मग अपर्चर एफ/२२ करून टाकू, असं वाटतं, आणि मीही केलं आहे. पण भोक फार बारीक झालं की प्रकाश त्याच्या कडांशी वाकून पसरतो आणि सगळंच चित्र मऊ पडतं. त्यातून आपण पाहिलंच की आकडा एफ/२२ असला तरी पूर्ण आकारावर तो एफ/४४ सारखा वागतो. एफ/८ ते एफ/११ च्या दरम्यान राहायचं आणि खोलीची उणीव कोनाने भरून काढायची. किड्याची कूस, फुलपाखराचे मिटलेले पंख, पानाची शीर, जे दाखवायचं ते सेन्सरला समांतर धरलं की ०.६ मिलीमीटरही पुरतात.

नळी विकत घेताना एकच प्रश्न विचारायचा: हिला कॉन्टॅक्ट आहेत का? काही शे रुपयांत मिळते ती नुसती धातूची, आट्यांच्या कड्यांची नळी. दोन-चार हजारांत मिळते तिच्यात कॅमेऱ्यापासून लेन्सपर्यंत विजेचे ठिपके जोडलेले असतात. आत काच नसल्यामुळे चित्राच्या दर्जात दोन्ही जवळजवळ सारख्याच. फरक आहे तो लेन्सशी बोलता येण्याचा. माझी पहिली नळी स्वस्तातली होती. दुकानदाराने हा फरक सांगितला नाही आणि मला विचारायचं माहीत नव्हतं. घरी येऊन लावली तर अपर्चरच्या जागी पडद्यावर दोन शून्यं. कॅननच्या ईएफ लेन्समध्ये अपर्चर विजेवर चालतं. वीज तुटली की ते पूर्ण उघडंच राहतं. एफ/१.८ ला पूर्ण आकारात खोली उरते मिलीमीटरच्या सातव्या भागाएवढी. त्या दिवशी मुंगळ्याच्या एका मिशीचा मधला तुकडा तेवढा रेखीव आला.

अशी नळी पदरात पडलीच असेल तर ती टाकून देऊ नका. कॅननच्या ज्या डीएसएलआरवर डेप्थ ऑफ फील्ड प्रिव्ह्यूचं (फोटोआधीच खोली बघायचं) बटण आहे, तिथे नळी न लावता लेन्स बसवा, अपर्चर एफ/८ करा, ते बटण दाबून धरा आणि धरलेलं असतानाच लेन्स काढा. पाती त्याच जागी अडकून राहतात. मग नळी लावा. निकॉनच्या जुन्या डी लेन्सवर अपर्चरची रिंग असते, तिथे प्रश्नच नाही. व्ह्यूफाइंडर काळोखा होतो एवढंच. रिंग नसलेल्या जी लेन्सचं अपर्चर मात्र काढल्यावर मिटून सर्वांत बारीक होतं आणि मागची बारीकशी दांडी हलकेच अडवून ठेवावी लागते. घरातल्या कपाटात बाबांच्या किंवा काकांच्या फिल्म कॅमेऱ्याची रिंगवाली लेन्स असेल, आणि तिचा माउंट, म्हणजे कॅमेऱ्याला अडकायचं कडं, जुळत असेल, तर स्वस्त नळीला यापेक्षा चांगली सोबत नाही. मिररलेस, म्हणजे बिनआरशाच्या कॅमेऱ्याला मात्र कॉन्टॅक्टवालीच घ्या. त्यांच्या बऱ्याच लेन्समध्ये फोकसची रिंगही विजेवरच फिरते आणि वीज नसेल तर ती नुसती बोटांनी फिरत राहते, आत काही हलत नाही.

स्वस्त नळीचा आणखी एक दोष दुरुस्त करता येतो. आतून ती चकचकीत असेल तर प्रकाश भिंतींवर आपटून चित्रावर पांढुरका पदर आणतो. आत काळाकुट्ट, न चमकणारा कागद किंवा काळ्या मखमलीची पट्टी चिकटवली की तो जातो. पट्टीचे धागे सुटणार नाहीत एवढं बघा, कारण ते थेट सेन्सरवर जातात. आणि प्लास्टिकच्या माउंटवर जड लेन्स लावली असेल तर कॅमेरा बॉडीला धरून उचलू नका, खालून लेन्सला हात द्या.

बाहेर पडायच्या आधी एक संध्याकाळ घरी काढा. कंपासपेटीतली मोजपट्टी टेबलावर ठेवून प्रत्येक नळीने तिचा फोटो काढा आणि फ्रेमच्या रुंदीत किती मिलीमीटर मावतात ते मोजा. सेन्सरच्या रुंदीला त्या आकड्याने भागलं की तुमच्या जोडीची खरी पट कळते. कॅननच्या क्रॉप सेन्सरची रुंदी साधारण २२ मिलीमीटर, निकॉनची साधारण साडेतेवीस, फुल फ्रेमची (फिल्मच्या चौकटीएवढ्या सेन्सरची) ३६. हे आकडे एका चिठ्ठीवर लिहून बॅगेत ठेवा. मग मिठाचे दाणे काळ्या कागदावर टाकून बघा. रोज चिमटीने घालतो ते मीठ छोट्या छोट्या ठोकळ्यांचं आहे, काही ठोकळ्यांचे कोपरे झिजले आहेत, हे मला पहिल्यांदा असंच दिसलं, आणि त्या रात्री मी जेवायला उशिरा गेलो.

फोकस रिंगने करू नका. रिंग फिरवली की पटही बदलते आणि किडा फ्रेमबाहेर जातो. ऑटोफोकस बंद करा, हवी ती पट रिंगने ठरवून घ्या आणि मग स्वतः पुढे-मागे व्हा, केसाएवढं. डोळा रेखीव दिसला की बटण. डावा हात जमिनीवर किंवा फांदीवर टेकवून त्याच्यावर लेन्स ठेवली, शक्य झालं तर त्याच हाताच्या दोन बोटांत गवताची काडी धरली, की कॅमेरा आणि किडा एकत्रच हलतात आणि अर्धी लढाई तिथे संपते.

उरलेली अर्धी लढाई प्रकाशाची, आणि पैसे घालायचे तर इथे घाला. दोन स्टॉप गेलेले, अपर्चर बारीक, वर पावसाळी आभाळ. फ्लॅशशिवाय निभाव लागत नाही. कॅमेऱ्याचा उघडणारा छोटा फ्लॅश थेट मारला तर लेन्सची सावली किड्यावर पडते आणि त्याच्या पाठीवर पांढरा चट्टा उमटतो. फ्लॅशपासून लेन्सच्या टोकापर्यंत उतरता येईल असा पांढऱ्या फोमचा पत्रा रबरबँडने बांधा, टोकाला बटर पेपरचा पडदा सोडा. किड्याच्या दृष्टीने आता प्रकाश एका ठिपक्यातून न येता डोक्यावरच्या रुंद पांढऱ्या आभाळातून येतो. शटर १/२००, एफ/८ ते ११, आयएसओ (सेन्सर प्रकाशाला किती संवेदनशील ते माप) २००, फ्लॅश मॅन्युअलवर एक अष्टमांश ताकदीपासून सुरू करून बघत जायचं. वेगळा फ्लॅश कमी ताकदीवर लखलखतो तो सेकंदाच्या हजारोव्या हिश्श्यात. हाताचा कंप, गवताची झुळूक, सगळं तो गोठवतो.

नळी घेऊन मी पुन्हा बांधावर गेलो ते पुढच्या मृगात. सकाळी सातच्या सुमारास माती अजून थंड होती आणि किडेही मंद होते. पोटावर आडवा झालो. पहिले काही फोटो लाल रंगाचे नुसते गोळे आले, कारण तो लाल इतका गडद आहे की लाल रंगाचं माप आधीच भरून वाहतं आणि मखमलीचा पोत पुसला जातो. एक स्टॉप कमी केला आणि केस दिसू लागले. एकेक केस वेगळा, दाट, गालिच्यासारखा. त्यांच्यामध्ये मातीचे कण अडकलेले. आणि पाय मोजले तर आठ. ज्याला आम्ही आयुष्यभर किडा म्हणत आलो, तो कीटक नाहीच, कोळ्यांच्या गणगोतातला आहे. पुस्तकात हे वाचलं असतं तर विसरलो असतो. त्या सकाळी चिखलात कोपर रुतवून मी पायांच्या चार जोड्या स्वतः मोजल्या.

जवळ जाण्याबरोबर एक जबाबदारी येते आणि तिच्याबद्दल मला मनापासून बोलायचं आहे. साताऱ्याजवळच्या कास पठारावर जांभ्या खडकावर मातीचा पातळसा थर आहे आणि त्या थरावर सीतेची आसवं, दवबिंदू अशी इवलीशी झाडं उगवतात. दवबिंदूच्या केसांवरचा चिकट थेंब, त्यात अडकलेलं चिलट, हे सगळं नळीच्याच मापाचं जग. पण ५० एमएम आणि ३६ ची जोडी घेऊन तिथे गेलात तर एका फुलासाठी कोपर आणि गुडघे शंभर रोपांवर टेकणार. २०१२ साली पश्चिम घाटातली ३९ ठिकाणं जागतिक वारसा यादीत गेली, त्यांत कास आहे. तिथे पायवाटेवरून टेलिफोटो आणि नळी एवढंच. वाटेच्या कडेलाही भरपूर फुलं असतात. वाटेवरून येत नसेल तो फोटो सोडून द्या. किड्यांना फ्रीजमध्ये ठेवून सुस्त करणं, मृगाच्या किड्याला काडीने ढोसणं, हेही नको. पहाटे ते आपसूकच मंद असतात. आपण लवकर उठलं की झालं.

नळी आणि लेन्स घरातूनच जोडून न्या. पावसात, वाऱ्यात जोडाजोडी करताना सेन्सर उघडा पडतो. परत आल्यावर नळी काढून वेगळी वाळू द्या, कारण तिच्या पोकळीत दमट हवा कोंडून राहते आणि लेन्सच्या मागच्या काचेला बुरशी धरते. कोकणात राहणाऱ्यांना हे सांगायला नको. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका, महिन्यातून एकदा त्या तव्यावर मंद आचेवर वाळवा, आणि तिन्ही नळ्या दोन्हीकडून झाकणं लावून त्याच डब्यात ठेवा.